दोन अंश

धंतोलीत आमची लॅब तळघरात आहे.
वर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं
आणि खाली मी स्वेटर घालून बसते.

ओमेश्वर निमजे पहिल्यांदा आला तेव्हा
डबी त्याच्या गाडीच्या डिकीत होती.
हिंगण्याहून इथवर, जूनचा पहिला आठवडा, दुपारचे दोन.
काचेवर सगळे निपचित.
म्हटलं, नमुना इथंच द्यावा लागेल.
तो म्हणाला, "माझ्यात काही खोट नाही जी मॅडम,
तुमी तिचंच पाहा ना."

तिचं सात वर्षं पाहून झालं होतं.
यामिनीची फाइल नाडीनं बांधलेली:
नळ्यांत रंग सोडून काढलेला फोटो,
बीज किती मिलिमीटरचं झालं त्याच्या तारखा,
मागच्या पानावर पेनानं
मोहाडीकडच्या कुण्या बाबाचा फोन नंबर.

बीज महिन्याला एकच सुटतं.
नळीच्या रुंद भागात एखादा दिवस थांबतं,
मग विरून जातं, कोणाला न सांगता.
असे चौऱ्याऐंशी दिवस तिनं मोजले होते.

आमच्या बाथरूमची कडी नीट लागत नाही.
तो चाळीस मिनिटं आत.
बाहेर खुर्चीवर ती, दाराला पाठ लावून,
येईल त्याला सांगत होती, आत माणूस आहे.

नमुना आधी ठेवून द्यावा लागतो.
दह्यासारखा गोठलेला असतो,
वीस मिनिटांत आपणच पातळ होतो.
तेवढ्यात विचारलं, काम काय करता?
रोलिंग मिल. भट्टीच्या तोंडाशी.
लाल सळई चिमट्यानं ओढायची,
बारा तास, अकरा वर्षं.

डॉक्टर ओटीत होत्या, म्हणून मीच
रिकाम्या पावतीच्या मागं चित्र काढलं.
पाहा, काळीज पिंजऱ्यात ठेवलंय, मेंदू कवटीत,
तिची पिशवी कमरेच्या हाडांच्या परातीत,
आणि तुमचं हे एवढं जपायचं, ते उघड्यावर.
काऊन?
त्याला अंगापेक्षा दोन अंश थंड लागतं.
माठ नाही का आपण घरात कोंडत,
वाऱ्याला ठेवतो.
उकडलं की कातडी सैल सोडते,
गारठलं की जवळ ओढून घेते,
बटण दाबावं लागत नाही.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
"म्हंजे खोट भट्टीची?"
असेल. थोडी. नक्की सांगता येत नाही.
आणि आज मी मोजणार ते आजचं नाही.
एक शुक्रजंतू घडायला सत्तर-बहात्तर दिवस जातात.
जूनच्या थेंबात एप्रिल असतो.

मोजणं माझ्या हाताला आईकडून आलंय.
कामठीला ती बिड्या वळायची, दिवसाला हजार,
पंचवीसचा कट्टा, न बघता, बोटांनीच.
मी चौकटी मोजते, अंगठ्यानं काउंटर दाबत.
काही सरळ जातात,
काही जागच्या जागी गिरक्या घेतात.
एखाद्याला दोन डोकी.
एखाद्याची शेपटीच दुमडलेली.
शंभरात चार धड निघाले तरी आम्ही चांगलं म्हणतो.
शंभरात चार!
मला शाळेत पस्तीस लागायचे.

आकडा मी रिपोर्टात लिहिला.
इथं लिहिणार नाही.
तो वाचून ओमेश्वर बराच वेळ
फाइलची नाडी बांधत बसला, तिच्या फाइलची.

डिसेंबरात दोघं परत आले.
मिलमध्ये त्यानं गेटवर बदली मागून घेतली होती,
पगार साडेतीन हजारांनी कमी.
घरी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.
सासू अजून यामिनीलाच काढे पाजते,
एवढं तिनं आपणहून सांगितलं, आणि हसली.

या वेळी डबी तिनं आणली,
स्वेटरच्या आत, पोटाशी धरून.
मीच म्हटलं होतं, थंडीत अंगाची ऊब द्या.
बसमध्ये जागा नव्हती,
एका हातानं दांडा, एका हातानं हे.
हातात घेतली तर अजून कोमट.

झाकणावर नाव लिहिलं. वेळ लिहिली.
मग तिघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.
आत ऑक्टोबर होता,
त्याचा गेटवरचा पहिला महिना.
वीस मिनिटं झाली.
मी काउंटर शून्यावर आणला.